३० एप्रिल : शहरातल्या लेआउटमध्ये ग्रामजयंती कशी करता?

बेसेकर

जय गुरु मंडळी.

आमचा लेआउट नागपुरात, बेसा रोडच्या आत. घरं बहुतेक गेल्या दहा-पंधरा वर्षांतली आणि माणसं अमरावती, वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडची. गाव सुटलं तरी गुरुदेव सेवा मंडळाची सवय सुटली नाही, म्हणून आठवड्यातून एकदा समाजभवनात सामुदायिक प्रार्थना असते. वीस-पंचवीस डोकी, बहुतेक पांढरी.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची जयंती आजवर साधीच व्हायची. फोटोला हार, चार भजनं, चहा, झालं. यंदा तरुण पोरांनी मनावर घेतलं आहे आणि ते चांगलंच आहे. पण त्यांचा बेत असा: संध्याकाळी मेन रोडवरून मिरवणूक, डीजे, गेटवर भलंमोठं फ्लेक्स (महाराज कोपऱ्यात आणि महापालिकेत जाऊ इच्छिणारे दोन भाऊ मधोमध), मग हजार पानांचा भंडारा. मीटिंगमध्ये एका जुन्या काकांनी एवढंच विचारलं, "खराटे किती आणायचे?" पोरांना वाटलं काका थट्टा करून राहिले.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. माझा नको, त्या दिवशी गावाचा वाढदिवस करा, असं त्यांचं सांगणं, म्हणून ग्रामजयंती. गावात होतो तेव्हा याचं काय करायचं हा प्रश्न कधी पडला नाही. इथे पडतो. रस्ता सिमेंटचा, कचरागाडी रोज दारात, आणि ३० एप्रिलचं नागपूरचं ऊन तुम्ही जाणताच. तुमच्याकडे काय करतात? नुसतं 'डीजे वाईट' म्हणून जाऊ नका, तेवढं मलाही कळतं.

तर्री_पोहे

आधी भंडाऱ्यात काय आहे ते सांगा. आलू-वांगं असेल तर माझं मत भंडाऱ्याला.

दासटेकडी

काका थट्टा करत नव्हते. आमचं गाव तिवसा तालुक्यातलं, महाराजांचा गुरुकुंज आश्रम आहे त्या मोझरीपासून जवळ. तिथे हा दिवस कसा असतो ते सांगतो, त्यातलं तुम्हाला झेपेल ते घ्या.

पहाटे अंधारात सामुदायिक ध्यान. त्यानंतर लगेच ग्रामसफाई. प्रत्येकाने आपलं अंगण तर झाडायचंच, पण मंडळाची माणसं वाटून घेतात ती कोणाचीच नसलेली जागा: विहिरीचा पार, शाळेमागचा उकिरडा, बसथांब्यामागची भिंत. उजाडेपर्यंत रस्त्यावर सडा पडतो, दारोदारी रांगोळ्या. मग रामधून निघते. दोन-दोनच्या रांगा, डोक्यावर भगव्या टोप्या, पुढे झेंडा. ओरडाआरडा नाही, ढकलाढकली नाही. पाय सुद्धा एका लयीत पडतात. लहानपणी मला वाटायचं की रामधून म्हणजे मिरवणूकच. मग आजोबांनी एकदा रांगेतून बाहेर काढून बाजूला उभं केलं आणि म्हणाले, आता पाहा. पाहिलं तर प्रत्येक माणूस चालता चालता दोन्ही बाजूंना बघत होता. कोणाची नाली तुंबली, कोणाच्या दारात सडा नाही, कोणाचं छप्पर वाकलं. गाव स्वच्छ झालं की नाही हे बघायची ती फेरी असते. दुपारी मंडळी बसायची तेव्हा हीच यादी निघायची.

मग अधिष्ठान मांडायचं. मूर्ती नाही, नुसतं आसन. त्यापुढे महाराजांच्या ग्रामगीतेचं वाचन, एखादं भाषण. ऊन चढलं की सगळे घरी. सूर्यास्ताला सामुदायिक प्रार्थना आणि रात्री खंजेरी भजन. जेवण असायचं, पण ते दिवसाच्या शेपटाला, पोटापुरतं.

लेआउटमध्ये यातलं काय होत नाही, सांगा बरं?

खडा_मसाला

दासटेकडी, छान लिहिलंत. पण सडा आणि रांगोळी कोण घालत होतं तुमच्या गावात? पहाटे उठून अंगण झाडणाऱ्या बाया रोजच झाडतात. ३० एप्रिलला पुरुषांनी खराटा धरला की फोटो निघतो, पेपरात येतो.

मी नंदनवनला राहते. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी असंच 'स्वच्छता अभियान' झालं जयंतीला. सगळ्यांचे हातमोजे नवे, खराटे नवे, टोप्या नव्या. अर्धा तास रस्ता झाडला, तोही आधीच झाडलेला होता, कारण मनपाच्या सफाई कामगार ताई पहाटेच येऊन गेल्या होत्या. गोळा केलेला पाचोळा कोपऱ्यावर रचला आणि मंडळी नाश्त्याला गेली. दुसऱ्या दिवशी तो ढीग उचलला कोणी? त्याच ताईंनी. त्यांना ना टोपी, ना नाश्ता.

त्यामुळे खराट्याचं कौतुक जरा बेतानं करा. डीजेवाले निदान सरळ सांगतात की आम्हाला नाचायचं आहे.

पुणेकर_नाइलाजाने

खडा_मसाला, नावाला जागलात 😄

बेसेकर

हे झोंबलं, पण बरोबर आहे. आमच्याकडेही रस्ता झाडायला ताई येतात. मग आम्ही नेमकं काय झाडणार?

अंबाझरीच्या_खालचा

नाली. दुसरं काही शोधू नका.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आमच्या भागातला माणूस विसरणार नाही. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घरात आली. खालच्या मजल्यावरची म्हातारी माणसं बाजेसकट वर चढवावी लागली. तलावाचं, नदीतल्या बांधकामाचं जे काय व्हायचं ते मोठ्या ठिकाणी होईल, ते आपल्या हातात नाही. पण पाणी ओसरल्यावर गल्लीतल्या पावसाळी नालीची जाळी उचलली तेव्हा आत काय होतं? डिस्पोजेबल ग्लास, भंडाऱ्याच्या द्रोणांचा लगदा, थर्माकोल, सिमेंटचा राडा आणि नारळाच्या शेंड्या. हे आपणच टाकलेलं. मी स्वतःच्या हातानं काढलंय.

३० एप्रिल म्हणजे पावसाळ्याला सव्वा महिना. याच्याइतकी सोयीची तारीख महाराजांनी जन्माला यायला दुसरी निवडली नसती 🙂 झाडलेला रस्ता पुन्हा झाडण्यापेक्षा तुमच्या लेआउटच्या जाळ्या उघडा. आणि काढलेला गाळ काठावर ठेवू नका, पहिल्या सरीला तो परत आत जातो. आधी झोन ऑफिसात अर्ज देऊन गाडी मागवा, पोच घ्या.

खडा_मसाला

याला माझा पाठिंबा. अट एकच. नालीत पुरुष उतरतील, आणि तेही फक्त उघड्या पावसाळी नालीत. गटाराच्या चेंबरमध्ये कोणीही उतरायचं नाही, हौस म्हणून सुद्धा नाही आणि पैसे देऊन कोणाला उतरवायचं तर अजिबात नाही. २०१३ चा कायदा आहे त्यावर.

अंबाझरीच्या_खालचा

शंभर टक्के. जाळी, फावडं, गमबूट. चेंबरला हात नाही.

धंतोलीची_मंजिरी

थोडं अवांतर. आमच्या घरी रामकृष्ण मठाची परंपरा. धंतोलीचा मठ १९२८ चा. तिथे श्रीरामकृष्णांची जयंती १८ फेब्रुवारीला नसते, तिथीने असते, फाल्गुन शुद्ध द्वितीयेला. पहाटेची मंगलारती, पूजा, होम, भजन, प्रवचन आणि दुपारी खिचडीचा प्रसाद. कुठे आवाज नाही, रांगेत कोणी घुसत नाही. फ्लेक्सवर भाऊ तर नाहीच नाही. मला वाटतं मठासारखी कायमची संस्था मागे असली की उत्सवाला शिस्त राहते. लेआउटची समिती दरवर्षी बदलते, मग ज्याच्या हातात वर्गणी त्याचा उत्सव.

माझा प्रश्न, राष्ट्रसंतांचं तिथीने का नाही?

दासटेकडी

मंजिरीताई, पुण्यतिथी तिथीनेच असते. महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८ ला, मोझरीला गुरुकुंजात. अश्विन वद्य पंचमी. त्या तिथीला दरवर्षी मोझरीत लाखोंचा समुदाय जमतो आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून समजणार नाही. हायवेवरच्या गाड्या सुद्धा उभ्या राहतात. जयंतीला मात्र ३० एप्रिल हीच तारीख सगळीकडे रूढ आहे. कास्तकाराच्या हिशेबानेही बरी पडते. गहू-हरभरा घरात आलेला असतो, खरिपाची कामं अंगावर यायची असतात.

कामठीकर

तारखेवरून आठवलं. सूफी संत ताजुद्दीन बाबांचा जन्म आमच्या कामठीचा, २७ जानेवारी १८६१. त्या दिवशी ताजबागेत, त्यांच्या दर्ग्यात जाऊन पाहा, चादर घेऊन येणाऱ्यांत निम्मे पाटील आणि देशमुख असतात. नागपूरच्या माणसाला जयंती कोणाची हे विचारायची सवय नाही. शेगावच्या गजानन महाराजांचा तर जन्म कोणाला ठाऊकच नाही. २३ फेब्रुवारी १८७८ ला दिसले तो प्रकट दिन, आणि त्या दिवशी नागपुरात घरी स्वयंपाक केला तर शेजारी विचारतात, तब्येत बरी नाही का?

तर्री_पोहे

प्रकट दिनाला मी मानेवाड्यापासून प्रतापनगरपर्यंत चालत गेलो तर वजन दोन किलोनं वाढतं. कोपऱ्याकोपऱ्यावर झुणका-भाकर, मसालेभात, बुंदी. एका ठिकाणी नाही म्हटलं तर काकू रागावल्या, "महाराजांचा प्रसाद आहे, नाही कसं म्हणता जी?"

आचाऱ्याचा_पोरगा

भंडाऱ्याबद्दल बोलायला माझा हक्क आहे, आमच्या तीन पिढ्या भट्टीपुढे गेल्या.

फेब्रुवारीतला प्रकट दिन आणि ३० एप्रिल यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे समितीवाल्यांना कळत नाही. फेब्रुवारीत आलू-वांग्याची भाजी सकाळी अकराला उतरवली तर चारपर्यंत हूं की चूं करत नाही. एप्रिलच्या शेवटी मांडवात जी आग असते तिच्यात तीच भाजी दोन-अडीच तासांत वास मारायला लागते. त्यात लोक माश्या बसू नयेत म्हणून गंजावर (मोठ्या पातेल्यावर) झाकण ठेवतात गच्च. गरम भाजीवर झाकण ठेवलं की वाफेचं पाणी परत आत पडतं आणि भाजी आणखी लवकर उतरते. आम्ही वर ओलं धोतर पसरतो, झाकण नाही. टमाटर घालायचाच नाही, कांदा कमी, खोबरं तर नावालाही नको. मसालेभात मोठ्या गंजात ठेवायचा नाही, परातीत पसरवायचा. कढी करू नका, फुटते. मठ्ठा करा पण त्यात बाहेरचा बर्फ टाकू नका.

एका लेआउटमध्ये (नाव घेत नाही) अशाच उन्हाळी जयंतीला आम्हाला सकाळी आठपर्यंत सगळं तयार मागितलं. का, तर पाहुणे नऊला येणार. पाहुणे आले साडेबाराला. तोपर्यंत पंगत बसवू दिली नाही. भाजी गेली. माझ्या बापानं ती वाढायला नकार दिला आणि गंज मांडवामागे खड्ड्यात उलटा केला. समितीनं पैसे कापले. बाप म्हणाला कापा, पण हे मी लेकरांच्या पानात टाकणार नाही.

हजार पानं ३० एप्रिलला करू नका. करायचीच तर रात्री, ऊन उतरल्यावर, आणि भट्टी संध्याकाळी पाचनंतरच पेटवा.

बेसेकर

हे छापून समितीच्या भिंतीवर लावतो. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

मानेवाडा_मित्र

सगळे मिळून पोरांना झोडपून राहिले, म्हणून लिहितो. मी बावीस वर्षांचा आहे आणि आमच्या मंडळात डीजे मीच लावला होता.

आम्ही आलो नाही की तुम्ही म्हणता तरुण पिढी वाया गेली. आलो की म्हणता असं नाही, तसं नाही. वर्षभर तुमच्या प्रार्थनेला आम्हाला कोणी बोलावतं का? बोलावलं तर मागे सतरंजी उचलायला. राम नवमीला पोद्दारेश्वर मंदिराच्या शोभायात्रेत आख्खं नागपूर रस्त्यावर असतं, १४ एप्रिलला दीक्षाभूमीकडे अख्खी रात्र जागते. त्यानंतर पंधरा दिवसांनी तुकडोजी महाराजांची जयंती येते आणि आपल्याकडे फोटोला हार आणि मारी बिस्किट. लहान पोराला कसं कळेल की हा पण मोठा माणूस होता?

मला स्वतःला दहावीपर्यंत एवढंच माहीत होतं की मानेवाडा रोडवर त्यांचा पुतळा आहे, कॅन्सर हॉस्पिटलला आणि विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. बस.

दासटेकडी

बाळा, तुझं म्हणणं मला पटलं. चूक आमचीही आहे. आपण नावं दिली, पाट्या लावल्या. विद्यापीठ १९२३ चं, त्याला नाव २००५ ला दिलं. १९९३ ला टपाल तिकीट निघालं. पण पोरांना माणूस सांगितला नाही.

तुझ्या वयाच्या पोराला सांगण्यासारखं किती आहे बघ. गरिबाचं पोर, शाळा अर्धवट, वरखेडच्या आडकुजी महाराजांच्या पायाशी बसलेलं. सालबर्डीच्या जंगलात राहिलेलं. १९३५ ला मोझरीला गुरुकुंज उभा केला. १९३६ ला गांधींनी सेवाग्रामला बोलावून घेतलं, महिनाभर ठेवून घेतलं. १९४२ ला चिमूर, आष्टी, यावली पेटली त्यात यांच्या खंजेरीचा वाटा होता, हे इंग्रजांनाही कळलं होतं. ऑगस्टमध्ये उचललं, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं, डिसेंबरात सोडलं. १९५५ ला जपानला विश्वधर्म परिषदेत जाऊन हाच खंजेरीवाला भजन म्हणून आला. राजेंद्रप्रसादांनी राष्ट्रसंत म्हटलं ते उगाच नाही.

नागपूरच्या तुरुंगावरून आपण रोज वर्धा रोडने जातो. किती जणांना माहीत आहे की महाराज आत होते?

निळा_सदरा

पण मग ते विश्व हिंदू परिषदेच्या स्थापनेतही होते ना १९६४ ला? ते का गाळलं? सगळे सोयीचं तेवढंच सांगतात.

दासटेकडी

गाळलं नाही, होतेच. विनोबांच्या भूदानातही होते, भारत साधू समाजाचे अध्यक्षही होते. माणूस मोठा असला की सगळ्यांच्या घरी त्याचा फोटो असतो.

निळा_सदरा

तेच तर. आज प्रत्येक पक्षाचा फ्लेक्सवाला म्हणतो महाराज आमचे. उद्या

व्यवस्थापक

पुढचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. धागा जयंती कशी करावी यावर आहे. पक्षांची चर्चा 'राजकारण' विभागात करा.

तर्री_पोहे

व्यवस्थापकांनी सफाईला सुरुवात केली 🙏 जय गुरु

वकीलसाहेब_महाल

कायद्याचं सांगून ठेवतो, दोन्ही पार्ट्यांच्या कामाचं आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. डीजे सुरू झाला की ५५ कुठे राहतो हे सांगायला मीटर लागत नाही. पण पहाटे पाचला माइकवरून ध्यान आणि रामधून लावणारे काकाही त्याच नियमात बसतात. गेल्या वर्षी आमच्या भागात तक्रार झाली ती डीजेवर नव्हती, पहाटेच्या माइकवर होती. तक्रार करणारी बाई रात्रपाळी करून आलेली नर्स होती.

दासटेकडी

रामधूनीला माइक लागतच नाही, वकीलसाहेब. लागला तर ती रामधून नाही. माणसं कमी असली की माइक लागतो.

मानेवाडा_मित्र

एक विचारू? खंजेरी शिकायला किती दिवस लागतात? म्हणजे डीजेऐवजी तीस-चाळीस पोरं एकत्र खंजेरी वाजवत असतील तर कसं दिसेल असा विचार आला.

चिमूरची_लेक

आवाज आला आणि धावत आले! मी शाळेत असताना खंजेरी भजन स्पर्धेत वाजवायची, आमची मुलींची टीम होती.

ठेका धरायला पंधरवडा पुरे, हात बसायला वर्ष जातं. डाव्या हातात खालून धरायची, अंगठा कडेच्या आत, आणि उजव्या हाताची बोटं पानावर. सगळे चुकतात ते इथे: पंजा आपटतात. पंजा नाही, बोटांची टोकं, आणि कडेजवळ. मध्ये मारलं की बद्द आवाज येतो. झांजा वाजवायला खंजेरी हलवायची नसते, मनगट फक्त सैल ठेवायचं, ठेक्याबरोबर त्या आपोआप वाजतात. पहिल्या आठवड्यात बोटांच्या पेरांना फोड येतात, त्यावर चिकटपट्टी लावा. कातडी पान असेल तर उन्हात ताणून आवाज चढतो, पावसाळ्यात उतरतो. आमचे सर पावसाळ्यात कंदिलावर धरून शेकायचे. आता फायबरचं पान मिळतं, त्याला ही कटकट नाही, पण कातड्याचा गोडवाही नाही.

आणि मानेवाडा_मित्र, तीस-चाळीस खंजेऱ्या एका ठेक्यात वाजल्या ना, की छातीत धडधडतं. करून पाहा. पोरींनाही घ्या. महिलोन्नतीवर ग्रामगीतेत आख्खा अध्याय आहे, समितीत बाई किती आहेत तुमच्या?

बेसेकर

... एकही नाही.

खडा_मसाला

😐

पुणेकर_नाइलाजाने

मी इथे कोथरूडात बसून हे सगळं वाचून राहिलो आणि जळून राहिलो. आमच्या सोसायटीत गणपती सोडला तर काही होत नाही. मागे मी सुचवलं की ३० एप्रिलला सगळे मिळून टेकडीवरच्या झाडांना पाणी घालू, तुकडोजी महाराजांची जयंती आहे. एकाने विचारलं, "तुकाराम महाराजांची का?" आता काय सांगू बाप्पा.

कामठीकर

झाडांना पाणी ही कल्पना वाईट नाही. लेआउटच्या बगीच्यात पावसाळ्यात लावलेली रोपं याच महिन्यात मरतात. लावताना फोटो असतो, एप्रिलमध्ये बादली घेऊन कोणी नसतं.

जुना_सेवक

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. बेसेकर, आमचं मंडळ हुडकेश्वर भागात ही जयंती बऱ्याच वर्षांपासून करत आहे, म्हणून थोडं सांगतो.

भंडारा आणि सफाई यांचं भांडण लावू नका. गाडगेबाबांची रीत आठवा, दिवसा खराटा आणि रात्री कीर्तन. महाराजांनीही लोकांना आधी भजनाने बसवलं, मग कामाला लावलं. माणूस जमवायला काहीतरी लागतं. पण क्रम उलटा करू नका. आमच्याकडे सकाळच्या कामाला जो आला त्याच्या घरचं रात्रीचं जेवण मंडळाकडे, असं सुरुवातीला ठेवलं होतं. ते चुकलं असं मला वाटतं, कारण म्हातारे आणि आजारी माणसं लाजायला लागली. मग ते काढलं. आता जेवण सगळ्यांना, पण ताट, वाटी, पेला ज्याचा त्याने घरून आणायचा आणि धुऊन न्यायचा. पहिल्या वर्षी कुरकुर झाली. दुसऱ्या वर्षी बायकांनीच सांगितलं, हे बंद करू नका. मांडवामागे उष्ट्या द्रोणांचा डोंगर नाही, कुत्री नाहीत. पंगतीत वरण-भात, पोळी, एक भाजी आणि ताक एवढंच. गोड म्हणून गूळ.

वर्गणीचा हिशेब दुसऱ्या दिवशी, १ मे ला, झेंडावंदनाच्या वेळी फळ्यावर लिहितो. फ्लेक्सचे पैसे देणारे त्या फळ्यापुढे आपोआप गळतात.

राहता राहिला गावाचा प्रश्न. शहरात गाव कुठे, असं तुम्ही विचारलंत. ज्याची नाली तुमच्या नालीला मिळते तो तुमच्या गावचा. आमच्या लेआउटच्या उताराला एक झोपडपट्टी आहे. आमचं सगळं पाणी तिच्या दारातून जातं. पहिली काही वर्षं आम्ही आमच्या कंपाउंडच्या आतच झाडत होतो. मग तिथली माणसं एकदा येऊन म्हणाली, तुमचा कचरा पावसात आमच्याकडे येतो, तर जयंती आमच्याकडे पण करा. तेव्हापासून जाळ्या उताराच्या टोकापासून वर काढत येतो, दोन्हीकडची माणसं मिळून. रामधूनही तिथूनच निघते.

अंबाझरीच्या_खालचा

खालून वर. हेच. वरून सुरू केलं की गाळ खालच्याच्या दारात ढकलला जातो.

खडा_मसाला

जुना_सेवक, तुमच्या मंडळात यायला काय करावं लागतं?

जुना_सेवक

२९ ला रात्री फावडं घेऊन झोपावं लागतं, ताई.

बेसेकर

काल मीटिंग झाली. या धाग्यातले प्रतिसाद वाचून दाखवले, व्यवस्थापकांनी उडवलेले सोडून. जे ठरलं ते असं.

डीजे रद्द झाला. भांडण न होता झाला, कारण पोरांनी खंजेरीचं मनावर घेतलं. चिमूरची_लेक यांचा प्रतिसाद त्यांनी आपल्या ग्रुपवर टाकला. समाजभवनात रोज रात्री आठ ते नऊ सराव चालू आहे आणि सध्या तरी तो आवाज डीजेपेक्षा भयंकर आहे. फ्लेक्सवर तडजोड झाली: एकच, कापडी, फक्त महाराज. दोघांपैकी एक भाऊ रुसले आणि वर्गणी मागे घेतली. दुसरे म्हणाले नाव नको, गाळ उचलायला ट्रॅक्टर देतो. ते निवडून येवोत न येवोत, ट्रॅक्टर ठरला.

समितीत तीन महिला घेतल्या. त्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये भंडारा हजारावरून तीनशेवर आणला आणि रात्री आठचा केला. घरून ताट आणायचं यावर अजून वाद आहे. एका आजोबांचं म्हणणं की पाहुण्याला ताट घेऊन या म्हणणं आपल्या रीतीत बसत नाही. मलाही थोडं तसंच वाटतं. पाहुण्यांसाठी पळसाच्या पत्रावळी, तेही आतून प्लास्टिक नसलेल्या, आणि लेआउटवाल्यांना घरचं ताट, असं कदाचित होईल.

सकाळी साडेपाचला माइकशिवाय ध्यान, सहा ते आठ जाळ्या, मग रामधून. आमच्या उताराला झोपडपट्टी नाही, एका शेताचा बांध आहे. तिथून वर येऊ. शेतमालकाला विचारलं तर तो म्हणाला, पिशव्या तेवढ्या घेऊन जा, गाळ राहू द्या, वावरात टाकतो.

आचाऱ्याचा_पोरगा

तीनशे पानं आठला? भट्टी साडेपाचला पेटवा, पावणेआठला भाजी उतरवा. वांगी सकाळी आणू नका, दुपारी चारनंतर आणा. गंज लागले तर सांगा, भाडं घेणार नाही.

मानेवाडा_मित्र

आमच्या लेआउटमधली पण सहा-सात पोरं येतात म्हणाली. त्यांच्यातले दोघं हिंदी घरातले आहेत, त्यांना मराठी भजनं जमत नाहीत. चालेल का?

चिमूरची_लेक

चालेल का काय विचारता, महाराजांची कितीतरी भजनं हिंदीतच आहेत. त्यांना पुढे उभं करा. आणि चिकटपट्टी जास्तीची आणून ठेवा.

तर्री_पोहे

मी सकाळी सहाला येतो. भाजी आलू-वांग्याचीच आहे ना, एवढं फक्त नक्की करा.